हवेच्या गळतीमागे जेद्दापर्यंत

सौदीहून परत येऊन आता महिना होत आला. भेटेल तो आधी विचारतो, "खजूर आणले का?" आणले, वाटले आणि संपलेही. दुसरा प्रश्न जरा अवघड असतो. "बासष्टाव्या वर्षी एकटी बाई तिथे करायला काय गेली होतीस?" याचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी स्विच बंद करणारी बाई आहे. आमच्याकडे आलेला पाहुणा बाथरूमच्या बाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच मी तिथला दिवा घालवलेला असतो. एकदा तर पाहुणा आत असतानाच घालवला होता. नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधून मी तीस वर्षं हेच काम केलं, फक्त तिथे त्याला एनर्जी ऑडिट म्हणतात. वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते शोधायचं आणि मालकाला कागदावर लिहून द्यायचं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता घरातले दिवे तेवढे उरले.

मग अमेयचा फोन आला. अमेय माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, जेद्दाला राहतो. तिथून उत्तरेला किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी नावाचं नवं शहर आणि बंदर वसवलं आहे. त्याच्या औद्योगिक भागात, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या पट्ट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो प्रॉडक्शन बघतो.

"मावशी, युरोपचं गिऱ्हाईक हातचं जायची वेळ आलीय," तो म्हणाला. "त्यांना प्रत्येक टनामागे किती कार्बन ते लिहून हवंय. आमचा आकडा फार मोठा येतोय."

ही भानगड थोडक्यात सांगते. सौदीत कार्बनवर कर नाही. पण युरोपने आता असं ठरवलं आहे, की बाहेरून येणारं ॲल्युमिनियम, पोलाद, सिमेंट असा माल बनवताना जो धूर हवेत गेला, त्याचा कर त्यांच्या सीमेवर भरायचा. धूर इथला, पावती तिथली. कर नेमका कशाकशावर, याचे नियम अजून हलतेच आहेत, पण अमेयच्या गिऱ्हाइकाने भट्टीच्या इंधनाबरोबर विजेचाही हिशोब मागितला होता. आकडा खाली आला नाही तर पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्या देशात जाणार होती, आणि ती गेली की कारखान्याची दुसरी लाइन बंद. त्या लाइनवर चाळीस माणसं होती. परक्या मुलखातली माणसं, नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला आणि इकामा गेला की थेट विमानतळ.

मी बॅग भरली. बॅगेत अर्धी जागा बेसनाच्या लाडवांनी घेतली.

जेद्दा

पहिल्याच दिवशी मी शोभा करून घेतली. अमेय आणि त्याची बायको केतकी सकाळी कामाला गेले, त्यांची मुलगी इरा शाळेला. मी समुद्र बघायला निघाले आणि निघताना नेहमीच्या शिस्तीत घरातले चारही एसी बंद केले. कोणी नसताना थंड हवा कुणासाठी?

कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, मन भरून फिरले. तांबडा समुद्र मुळीच तांबडा नाही. इतका निळा आहे की आपल्या अरबी समुद्राची दया यावी. सप्टेंबर असूनही उन्हाने डोळे दिपत होते आणि हवेत मुंबईसारखा घाम होता. एका टपरीवजा दुकानात फूल खाल्लं. फूल म्हणजे बाकल्याचं, मोठ्या वालासारख्या कडधान्याचं, घोटलेलं वरण, वर तेल आणि जिरं, सोबत परातीएवढी गरम रोटी. दुकानदार अफगाणी होता. मी एकटी आहे बघून त्याने रोटीचे चार तुकडे करून दिले आणि आग्रहाने चहा पाजला, त्याचं काही घेईना. माझ्या सलवार-कुडत्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. येताना मनात धरलेली भीती मी तिथेच त्या चहाबरोबर पिऊन टाकली.

संध्याकाळी घरी आले तर दारातच केतकीचा चेहरा पाहिला. दिवसभर बंद राहिलेलं वरच्या मजल्यावरचं घर भट्टीसारखं तापलं होतं. डब्यातले लाडू तूप सोडून बसले होते आणि सगळ्यांचा मिळून एक लाडू झाला होता. इराच्या मेणाच्या खडूंचीही तीच गत.

"आजी, यहाँ एसी बंद नहीं करते," इरा मला समजावून सांगू लागली. "एव्हरीथिंग मेल्ट्स."

"अगं, मराठीत सांग आजीला," केतकी म्हणाली.

इराने विचार केला. "सगळं... मेल्ट होतं."

आम्ही तो लाडू चार दिवस चमच्याने खाल्ला. पण मला त्या रात्री नीट कळलं, की इथे वीज ही चैन नाही, छप्पर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट गेली तर माणसं अंगणात येऊन बसतात. इथे बाहेर येऊन बसायला जागाच नाही. इराने जन्मात कधी लाइट गेलेली पाहिलेली नाही. तेव्हा "वाचवा, वाचवा" करत हिंडणाऱ्या बाईने आधी हे बघावं की कुठली वीज लागतेच आणि कुठली उगाच जाते. इतक्या वर्षांच्या धंद्यातला हा पहिला धडा मला एका आठ वर्षांच्या मुलीने पुन्हा दिला.

रेल्वेने उत्तरेला

अमेय गाडीने जातो, पण मी हट्टाने पहिल्या दिवशी रेल्वेने गेले. मक्केहून निघून जेद्दामार्गे मदिनेला जाणारी ही वेगवान गाडी मध्ये आमच्या नव्या शहराला थांबते. डबा यात्रेकरूंनी भरलेला. मक्केला मला जाता येत नाही, तिथे फक्त मुसलमानांना प्रवेश, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण तिथून परतणाऱ्यांचे चेहरे जवळून बघता आले. शेजारी एक इंडोनेशियन आजी होती. आम्हाला एकमेकींच्या भाषेचं एक अक्षरही येत नव्हतं. तिने पिशवीतून जमजमच्या, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीच्या, पाण्याची छोटी बाटली काढून माझ्या हातात ठेवली आणि स्वतःच्या गुडघ्यांवर हात फिरवून दाखवला. माझे गुडघे दुखतात हे तिने चढतानाच ओळखलं होतं. तिला द्यायला माझ्याकडे आवळासुपारी होती. तिने ती तोंडात टाकली आणि असं तोंड केलं की आम्ही दोघी स्टेशन येईपर्यंत हसत होतो.

कारखाना

कारखान्यात माझं स्वागत इंजिनियर नूराने केलं. तिशीतली सौदी मुलगी, डोक्याला रुमाल आणि पायात लोखंडी टोकाचे बूट. पर्यावरणाचा विभाग आणि देखभाल दोन्ही तिच्याकडे, वर्षभरापूर्वीच आलेली. गिऱ्हाइकाचा तो फॉर्म तीच भरत होती. "दहा वर्षांपूर्वी या दारातून आपण दोघीही आत आलो नसतो," ती मला इंग्रजीत म्हणाली आणि हेल्मेट हातात दिलं.

भट्टी, कॉम्प्रेसर, पंप असं सगळं ज्यांच्या हाताखाली, ते फोरमन म्हणजे हुसेनभाई मुकादम. दापोलीकडच्या खाडीकाठचे. पंचावन्नचे असतील, पंधरा वर्षं याच कारखान्यात. नाशिकची बाई आली म्हटल्यावर त्यांनी मराठीत सुरुवात केली, पण आवाजात ओलावा नव्हता.

"ऑडिटवाल्या काय तुमी? म्हणजे आता कोण जायचं ते ठरणार."

"विजेचं ऑडिट आहे हुसेनभाई, माणसांचं नाही."

"कागद विजेचाच असतो मॅडम. जातो मानूस."

ते खरं होतं. सातपूरला एका कारखान्यात मी रिपोर्टात एकदा 'देखभालीत निष्काळजीपणा' असे दोन शब्द लिहिले होते. मला वाटलं, मालक सुधारणा करेल. मालकाने बॉयलरवरच्या माणसाला काढून टाकलं. त्या माणसाचं नाव मी विसरलेले नाही. हुसेनभाईंची धाकटी मुलगी चिपळूणला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि दुसरी लाइन बंद झाली तर चाळीस जणांच्या यादीत त्यांचं नाव होतं, हे अमेयने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

पहिले दोन दिवस मी भट्टीपाशी काढले. तिचं दार माल येण्याची वाट बघत उघडंच राहायचं, ते बंद ठेवायची सवय लावणं सोपं होतं. खरं गौडबंगाल विजेचं होतं. मशीनं खातात त्याहून बरीच जास्त वीज जात होती आणि कुठे ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजाची सुट्टी झाली. पट्ट्या दाबून काढणारा प्रेस थांबला, करवती थांबल्या, क्रेन जागच्या जागी लटकून राहिली. माणसं हातपाय धुऊन नमाजाच्या खोलीत गेली. मी पाण्याची बाटली घेऊन एका खोक्यावर टेकले आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की कॉम्प्रेसर चालू आहे.

कॉम्प्रेसर हवा दाबून नळ्यांतून मशीनांना पुरवतो. हवा कुणी वापरली नाही तर तो भार टाकून रिकामा फिरतो, आवाज उतरतो. इथे एकही मशीन चालू नव्हतं आणि तरी तो पुन्हा पुन्हा भार घेऊन कण्हत होता. मी घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांतली जेमतेम सहा-सात मिनिटं तो दम खायला थांबला. मग ही हवा जात होती कुठे?

नाशिकला ही चाचणी करायची म्हणजे मालकाच्या विनवण्या कराव्या लागतात. "अर्धा तास कारखाना थांबवा," म्हटलं की तो असा बघतो जणू मी त्याची किडनी मागितली. वर्षातून एक दसऱ्याची सुट्टी मिळाली तर नशीब. आणि इथे रोज, अजान झाली की, सगळा कारखाना आपण होऊन माझ्यासाठी थांबत होता. मला इतका आनंद झाला की मी अक्षरशः हात जोडले.

नमाज आटोपून हुसेनभाई आले. मी साबणाच्या पाण्याची बाटली मागितली. नळीच्या सांध्याला साबण लावला की गळती असेल तिथे बुडबुडे येतात. ते माझ्याकडे बघत राहिले.

"काय शोधताव?"

"हवा."

त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "साबन कशाला? या."

ते पुढे, मी मागे. प्रेसच्या पोटाखाली वाकून त्यांनी एका नळीवर बोट ठेवलं. करवतीमागे दुसरी. छताजवळच्या पाइपाचा एक सांधा त्यांनी नुसता मान वर करून दाखवला. काही ठिकाणी चिंध्या बांधल्या होत्या, काही ठिकाणी रबर. सुट्टी संपेपर्यंत त्यांनी मला तेवीस जागा दाखवल्या आणि एकदाही चुकले नाहीत. ही सगळी गळती त्यांच्याच खात्यातली. कागदावर गेली तर बोट त्यांच्याकडेच येणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. तरी दाखवली. मी इतकी माणसं बघितली, पण असं वागलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला.

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"कान हायेत ना." मग कपाटाकडे वळत, "मी लिवून ठेवलंय."

कपाटातून त्यांनी एक जाडी वही काढली. मराठीत, गोल गोल अक्षरात, पंधरा वर्षं.

वही

दुसऱ्या दिवशी ती वही नूराच्या टेबलावर होती आणि खुर्च्यांवर आम्ही तिघं. तिला मराठी येत नव्हतं. "वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी इंग्रजीत सांगू लागले. तीन नंबरच्या करवतीची नळी गळते, ऑफिसात सांगितलं. छताचा सांधा गळतो, नवा मागितला. आणि अशा प्रत्येक ओळीपुढे हुसेनभाईंनी तेच तीन शब्द लिहिले होते, 'कोणी आलं नाही'. पहिल्यांदा मी ते गाळले. हुसेनभाईंना इंग्रजी कळत होतं, त्यांनी मान खाली घातली, जणू बरंच झालं. मला माझी सातपूरची आठवण झाली. तिथे नको ते दोन शब्द लिहिले होते आणि इथे हवे ते तीन शब्द मी गिळत होते. मी पान उलटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक ओळ शेवटपर्यंत सांगितली. कोणी आलं नाही. कोणी आलं नाही.

नूराने मला मध्येच थांबवलं. "त्यांनी कुणाला सांगितलं होतं?"

हुसेनभाईंनी तिच्या खुर्चीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "इथंच बसायचे ते साहेब. चांगले व्हते. बोलायचे, वीज स्वस्त हाय हुसेन, नळी महाग हाय. खलास."

आणि साहेब खोटं बोलत नव्हते. विजेला किंमत नव्हती तेव्हा ती वाया जातेय हे सांगणाऱ्या माणसालाही किंमत नव्हती. हजारो मैलांवरच्या कुठल्या तरी बंदरात कर लागला तेव्हा कुठे त्या वहीला वाचक मिळाला. कर या शब्दावर मीही इतरांसारखीच नाक मुरडते, पण त्या दिवशी मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

नूरा उठली. तिने वही दोन्ही हातांनी हुसेनभाईंना परत दिली. "यांना त्यांच्या भाषेत सांगा," ती मला म्हणाली, "मी आले आहे. उशीर झाला, पण आले आहे. आजपासून जे लागेल ते माझ्याकडे मागायचं."

बाहेर आल्यावर हुसेनभाई म्हणाले, "मॅडम, रिपोर्टात माजं नाव लिवू नका. कागदात नाव आलं की बरं होत नाय."

"लिहिणार," मी म्हणाले. "पहिल्या ओळीत. गळती यांनी शोधली, असं."

दोन आठवडे

मग दुरुस्तीला सुरुवात झाली. जेद्दाहून नव्या नळ्या आणि सांधे आले. रोज नमाजाच्या सुट्टीत मी घड्याळ घेऊन खोक्यावर बसायचे आणि रोज कॉम्प्रेसरचं कण्हणं थोडं कमी व्हायचं. लाइनवरची मुलं मला बघून "यल्ला, चला, आंटी आली" म्हणत कामाला लागायची.

एका शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, हुसेनभाईंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. स्वतः थापलेली तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातली कोलंबी. मी बाजरीच्या मुलखातली, तांदळाची भाकरी म्हणजे आजारी माणसाचं खाणं अशी माझी समजूत. चार खाल्ल्या. इराने त्यांना "अंकल, वन मोअर" म्हटलं तर ते म्हणाले, "मराठीत माग, मग मिलल." तिने मागितली. तिची आई जे सहा वर्षं करत होती ते एका भाकरीने केलं.

शेवटचा दिवस

नवे आकडे गिऱ्हाइकाकडे जाऊन आठवडा झाला होता. रिपोर्ट मी तसाच लिहिला होता, पहिल्या ओळीत नाव. निघायच्या दिवशी दुपारी नूरा ऑफिसातून जवळजवळ धावत आली. उत्तर आलं होतं. ऑर्डर पक्की, पुढच्या वर्षाचीही. दुसरी लाइन राहणार आणि त्या चाळीसही जणांचे इकामे पुढे जाणार. "तुम्हीच सांगा त्यांना," ती म्हणाली आणि रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

नमाज चालू होता. नमाजाची खोली कॉम्प्रेसरच्या खोलीला लागूनच आहे, मधे एकच भिंत. मी बाहेर थांबले. कॉम्प्रेसरने भार टाकला, थोडा वेळ रिकामा फिरला आणि मग आपोआप बंद झाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच पुरता बंद झाला होता. मी तिथे उभी होते आणि मला माझा श्वास ऐकू येत होता.

हुसेनभाई बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"आज इमामाची तकबीर ऐकू आली मॅडम, 'अल्लाहु अकबर' बोलला ते. आतापर्यंत पुढच्याची पाठ वाकली की आमी वाकायचो. आज आवाज ऐकून वाकलो."

मी त्यांना बातमी सांगितली. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग खिशातून फोन काढला. रोज याच वेळी, नमाज झाला की, ते मुलीला फोन करतात. चिपळूणला तिने उचलला. त्या शांततेत तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"अब्बा? आज आवाज नाय येत मागं." तिचा स्वर एकदम बारीक झाला. "कारखाना बंद पडला काय?"

"नाय गो," हुसेनभाई म्हणाले. त्यांना आज ओरडून बोलावं लागत नव्हतं. "चालू हाय. चालूच राहणार हाय."